कपाशीत एकच झाड भेंडीच्या पानांचं: हे उत्परिवर्तन आहे का?

पऱ्हाटी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. वर्धा जिल्हा, काळी जमीन, कोरडवाहू संकरित बीटी कपाशी. यंदा शेतात पानांच्या दोन तऱ्हा दिसल्या म्हणून धागा काढतोय.

पहिली: वावराच्या मधोमध एकच झाड असं आहे की त्याची पानं हुबेहूब भेंडीसारखी. बोटं बारीक आणि कापा पार देठाच्या जवळ गेलेल्या. पात्या, फुलं, बोंडं सगळं व्यवस्थित. दुसरी: धुऱ्याकडच्या चार-पाच तासांत (ओळींत) शेंड्याची पानं सुतळीसारखी बारीक झालीत, शिरा एकमेकींना लागून सरळ धावतात. खालची पानं मात्र चांगली रुंद आहेत. पलीकडे शेजाऱ्याची ज्वारी आहे.

कृषी केंद्रात विचारलं तर म्हणाले कोकडा (पानं आकसण्याचा रोग) आहे, औषध मारा. पुतण्या बीएस्सीला आहे, तो म्हणतो काका, दोन्ही म्युटेशन आहेत, म्हणजे उत्परिवर्तन, डीएनएतला बदल. कोणाचं खरं मानू?

बांधावरून
दुसऱ्याचं उत्तर मी देतो. भाऊ, ते २,४-डी तणनाशक आहे. ज्वारीत रुंद पानाच्या तणासाठी मारलं असेल, वाऱ्याने तुमच्याकडे आलं. कपाशीइतकं या औषधाला हळवं पीक दुसरं क्वचितच असेल. पंप नीट न धुता कपाशीत वापरला तरी असंच होतं. त्यावर कीटकनाशक मारून पैसे घालवू नका.

सूक्ष्मदर्शी
बांधावरून यांच्याशी पूर्ण सहमत. मी कृषी महाविद्यालयात वनस्पती प्रजनन शिकवतो, आणि हा प्रश्न वर्गात न्यावा असा आहे. दोन्ही झाडांची पानं बारीक आहेत, पण पेशीत घडलेली गोष्ट वेगळी आहे.

२,४-डी हे ऑक्सिन या वनस्पतीच्या स्वतःच्या संप्रेरकाची नक्कल करतं. पान शेंड्यावर जन्म घेतं तेव्हा ऑक्सिन कुठे साठतं आणि कुठून ओसरतं त्यावर शिरा कुठे पडणार आणि कडा कुठे वाढणार हे ठरतं. पेशीत टीआयआर-१ नावाचं प्रथिन ऑक्सिन ओळखतं (हा ऑक्सिनचा ग्राहक आहे हे २००५ साली सिद्ध झालं). ऑक्सिन चिकटलं की काही जनुकांना दाबून ठेवणारी प्रथिनं नष्ट केली जातात आणि ती जनुकं जागी होतात. खऱ्या ऑक्सिनचा निचरा झाड लगेच करतं. २,४-डी चा निचरा कपाशीला तितक्या लवकर जमत नाही, त्यामुळे सगळ्या कोवळ्या पेशींना एकच आदेश सतत मिळत राहतो. शिरांचं जाळं पडतं, पण शिरांमधला हिरवा भाग भरतच नाही. तुम्ही पाहिलेली सुतळी ती हीच.

आता ओळखायचं कसं? झाड खालून वर वाचा. फवारा आला त्या वेळी जी पानं पूर्ण उघडलेली होती ती चांगली राहतात. जी शेंड्यात घडत होती ती बिघडतात. औषधाचा जोर ओसरला की त्यानंतरची पानं पुन्हा रुंद येतात. म्हणजे बिघाड झाडाच्या मधल्या एका टप्प्यातच दिसतो, आणि तो धुऱ्यापासून आत शिरताना कमी होत जातो. डीएनए जसाच्या तसा आहे, त्या बोंडांची सरकी पेरली तर पानं साधीच येतील.

मधलं एकटं झाड मात्र वेगळं. कपाशीची पहिली चार-पाच पानं कुठल्याही जातीत साधीच असतात. त्यानंतर प्रत्येक पान भेंडीसारखं आलं असेल, आणि चारही बाजूंच्या झाडांवर काहीच नसेल, तर ते आनुवंशिक आहे. पण पुतण्याला सांगा, उत्परिवर्तन त्या झाडात झालेलं नाही. ते आजूबाजूच्या सगळ्या झाडांत आहे!

मोहोर
सर, शेवटचं वाक्य कळलं नाही. म्हणजे रुंद पान हेच उत्परिवर्तन?

सूक्ष्मदर्शी
होय, आणि मला हा कपाशीतला सगळ्यात विलक्षण निष्कर्ष वाटतो.

आपली अमेरिकन कपाशी, म्हणजे गॉसिपियम हिर्सुटम, ही ५२ गुणसूत्रांची. दोन पूर्वजांचे संच एकत्र येऊन बनलेली, त्यांना अ आणि ड म्हणतात. पानाचा आकार ठरवणारं मुख्य ठिकाण ड संचातल्या १५ व्या गुणसूत्रावर आहे. त्या जागी चार प्रकार सापडतात: रुंद पान, थोडं कापलेलं (याला उप-भेंडी म्हणू), भेंडी, आणि अगदी बोटांसारखं महाभेंडी. २०१७ साली अमेरिकेतल्या एका गटाने जनुक नक्की केलं. ते एलएमआय-१ या कुळातलं. हे प्रथिन इतर जनुकांच्या स्विचवर बसून त्यांना चालू-बंद करतं.

रुंद पानाच्या कपाशीत या जनुकाची फक्त ८ अक्षरं गळालेली आहेत. डीएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. आठला तीनने भाग जात नाही, त्यामुळे गळतीच्या पुढचं सगळं वाचन सरकतं आणि प्रथिन अर्धवट, निकामी तयार होतं. भेंडी-पानाच्या कपाशीत प्रथिन शाबूत आहे. शिवाय जनुकाच्या आधीच्या नियंत्रक भागात १३३ अक्षरांचा तुकडा दोनदा आलाय आणि त्यामुळे जनुक जास्त जोरात चालतं. संशोधकांनी भेंडी-पानाच्या झाडात विषाणूच्या मदतीने हे जनुक तात्पुरतं दाबलं, तर त्याच झाडावर रुंद पानं आली. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

तुलना करून त्यांनी मांडलं ते असं: चतुर्गुणित (दोन पूर्वजांचे संच एकत्र आलेल्या) कपाशीचं मूळचं पान उप-भेंडी. त्यातून एका बाजूला दुप्पट झालेल्या तुकड्याने भेंडी आली. दुसऱ्या बाजूला आठ अक्षरं गळून रुंद पान आलं, आणि लागवडीत तेच सर्वत्र पसरलं. आपण ज्याला ‘नॉर्मल’ म्हणतो ते मोडलेल्या जनुकाचं पान आहे.

म्हणून तुमच्या वावरातल्या रुंद पानाच्या बियातून एका हंगामात भेंडीचं पान उपजणं जवळजवळ अशक्य. गळालेली आठ अक्षरं बरोबर त्याच जागी परत यावी लागतील आणि वर १३३ चा तुकडा दुप्पट व्हावा लागेल. त्याऐवजी पाकिटात दुसऱ्या वाणाचं एखादं बी आलं असेल, किंवा बीजोत्पादनाच्या प्लॉटात मधमाशीने परका पराग आणला असेल. हल्ली पाकिटातच नॉन-बीटीचं बी मिसळून येतं, तेही लक्षात घ्या.

या दोन शक्यतांतही फरक करता येतो. हा गुण अर्धप्रभावी आहे: एक प्रत भेंडीची आणि एक रुंद पानाची असली तर पान मधल्या आकाराचं येतं. तुमच्या झाडाच्या कापा पार देठापर्यंत असतील तर दोन्ही प्रती भेंडीच्या, म्हणजे बी मिसळ. कापा अर्ध्यावर थांबल्या असतील तर संकर.

पऱ्हाटी
कापा पूर्ण आहेत सर. पण आमच्या आजोबांच्या काळातल्या देशी कपाशीची पानं अशीच खोल कापलेली असायची. तीच तर परत आली नाही ना?

सूक्ष्मदर्शी
देशी कपाशी म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, २६ गुणसूत्रांची. तिची पानं खोल कापाची असतात हे बरोबर, पण अमेरिकन कपाशीशी तिचा संकर शेतात सहज होत नाही आणि झालाच तर रोप वांझ निघतं. तुमच्या झाडाला बोंडं चांगली धरलीत, तेव्हा ती शक्यता सोडून द्या. जाता जाता: देशी कपाशीच्या पानाच्या आकाराचा आनुवंशिक अभ्यास १९३० च्या दशकात इंदूरच्या संस्थेत जे. बी. हचिन्सन यांनी केला होता. पानाचं मोजमाप घेऊन, हजारो रोपं वाढवून. डीएनएची रचना कळायच्या दोन दशकं आधी.

मोहोर
पण पेशींच्या पातळीवर काप पडते कशी? पेशी मरतात का तिथे?

सूक्ष्मदर्शी
नाही, मरत नाहीत. तिथे वाढच कमी होते. पान हे सुरुवातीला शेंड्याच्या कडेला आलेला काही मोजक्या पेशींचा उंचवटा असतो. त्याच्या कडेवर ठरावीक अंतराने ऑक्सिन साठतं आणि ती ठिकाणं पुढे सरकतात. दोन ठिकाणांच्या मध्ये वाढ रोखणारी जनुकं काम करतात. रोखणं जितकं जोरदार तितकी काप खोल.

मोहरीच्या कुळातल्या लहान झाडांवर एलएमआय-१ चा चांगला अभ्यास झालाय. तिथे पानाच्या बुडाशी असलेल्या उपपर्णात हे प्रथिन पेशीला विभाजनाच्या उंबरठ्यावर अडवतं. पेशी डीएनएची नक्कल करत राहते, पण दोन होत नाही. परिणामी थोड्या, मोठ्या पेशींचा छोटा अवयव. हे जनुक काढून टाकलं तर तेच उपपर्ण भलतं मोठं होतं. कपाशीच्या कडेवर तपशील अगदी हाच असेल असं मी म्हणत नाही, पण वाढीला लगाम घालणं हा त्या कुळाचा स्वभाव आहे.

आयोवाकर
मूळचा साताऱ्याचा, इथे अमेरिकेत आयोवात मक्यावर काम करतो. मक्याची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

मक्याच्या पानावर गाठी येणारं एक उत्परिवर्तन आहे, नॉटेड-१. पान गुळगुळीत असायचं तिथे शिरांच्या कडेने फुगे आणि बोटांसारखे उंचवटे. त्याचं वर्णन १९४१ मध्ये आलं. १९९१ मध्ये सारा हेक यांच्या गटाने ते जनुक वेगळं केलं आणि ते वनस्पतींमध्ये सापडलेलं पहिलं होमिओबॉक्स जनुक ठरलं. माशीच्या शरीराचे भाग ठरवणारी जनुकं ज्या कुळातली, त्याच कुळातलं एक मक्याच्या शेंड्यात!

साध्या मक्यात हे जनुक शेंड्याच्या टोकाला चालू असतं. तिथल्या पेशी विभाजित होत राहतात, कोणताच अवयव बनत नाहीत. जिथे पान निघणार त्या पेशींत ते आधी बंद होतं. खरं तर पान कुठे उगवणार याची पहिली खूण म्हणजे नॉटेड बंद झालेला तो ठिपका. उत्परिवर्तित झाडात ते पानात पुन्हा चालू राहतं. त्या पेशींना वाटतं आपण अजून शेंड्यातच आहोत, त्या विभाजित होत राहतात आणि गाठ येते.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी की या झाडांत प्रथिन एका अक्षरानेही बदललेलं नाही. अनेक वाणांत उडता डीएनए (जागा बदलणारा तुकडा) जनुकाच्या तिसऱ्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनात न येणाऱ्या मधल्या तुकड्यात जाऊन बसलाय. एका वाणात अख्खं जनुक दोनदा आलंय. बिघडलं आहे ते ‘कुठे चालू राहायचं’ हे.

आणखी एक गंमत. शेंड्याच्या सगळ्यात बाहेरच्या थरात या जनुकाचा आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी काढलेली जनुकाची प्रत) नसतो, पण प्रथिन असतं. म्हणजे प्रथिन आतून बाहेर चालत जातं. १९९५ मध्ये दाखवलं गेलं की ते दोन पेशींमधल्या सूक्ष्म नळ्यांतून, ज्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात, स्वतःच्या आरएनएसह पलीकडे जातं. वनस्पतीच्या पेशी जागेवरून हलू शकत नाहीत. त्यांच्याऐवजी निरोप फिरतो.

१९९६ मध्ये मक्याचं हेच जनुक टोमॅटोत चालू ठेवलं, तर टोमॅटोच्या एकेका पानाच्या शेकडो पर्णिका झाल्या. मक्यात गाठ, टोमॅटोत पानावर पान. जनुक एकच. ज्या पानात ते काम करतं ते पान आधीच वेगळं, म्हणून परिणाम वेगळा.

ज्वारीची_ताई
मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दादा, सर, फार आनंद झाला वाचून. मुलांनी एकदा मक्याचं रोप आणलं होतं, पानावर लांबच लांब पांढरे पट्टे. ते कुठल्या खात्यात जातं?

आयोवाकर
ताई, आधी सोपं कारण तपासा. जस्ताची कमतरता असली तर कोवळ्या पानांवर फिकट पांढरे पट्टे येतात, पण ते वावरभर अनेक रोपांवर असतात आणि जस्त दिलं की नवी पानं सुधारतात. एकाच रोपावर, रेघ मारल्यासारखी काठ असलेली पट्टी बुडापासून टोकापर्यंत गेली असेल तर ती एका पेशीची संतती समजा. गवताच्या पानात पेशी रांगेत विभाजित होतात, त्यामुळे एका पेशीतला बदल सरळ पट्टी होऊन दिसतो.

आणि बदल कुठल्या डीएनएत? पेशीत डीएनए तीन जागी आहे: केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक. हे लक्षात येण्याचा रस्ता आपल्या अंगणातल्या गुलबक्षीतून गेलाय. १९०९ मध्ये जर्मनीत कार्ल कॉरेन्स यांनी पानांवर ठिपके असलेल्या गुलबक्षीचे संकर केले. एकाच झाडावर हिरवी, पांढरी आणि मिश्र फांदी असते. त्यांना दिसलं की बियातून येणारं रोप ज्या फांदीवर फूल आलं तिच्यासारखंच असतं, पराग कुठलाही आणा. मेंडेलचे नियम तिथे लागू होईनात. गुलबक्षीत हरितलवक आईकडून, बीजांडातून येतात. परागाचा त्यात वाटा नसतो.

मक्यात दोन्हीचा मेळ दिसतो. आयोजॅप नावाचं उत्परिवर्तन केंद्रकातलं आहे आणि मेंडेलच्या नियमाने चालतं. पण त्याने एकदा हरितलवक बिघडले की पुढच्या पिढीत केंद्रक दुरुस्त असलं तरी ते लवक बिघडलेलेच राहतात आणि आईकडून उतरत जातात. मार्कस र्‍होड्स यांनी १९४३ मध्ये हे मांडलं.

बांधावरून
पूर्ण पांढरं रोप मी मुगात पाहिलंय. आठ-दहा दिवसांत जातं.

सूक्ष्मदर्शी
बियातला साठा संपला की जातं, हरितद्रव्यच नाही. तरी उत्परिवर्तन प्रजननात हीच पांढरी रोपं फार मोलाची. एल. जे. स्टॅडलर यांनी १९२८ मध्ये बार्लीवर क्ष-किरण टाकून उत्परिवर्तनं घडवता येतात हे दाखवलं, ते पांढऱ्या-पिवळ्या रोपांवरूनच. आजही किरणांची मात्रा लागू पडली का हे बघायला दुसऱ्या पिढीच्या वाफ्यात पांढरी, पिवळी, फिकट हिरवी रोपं मोजतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमुगावर क्ष-किरणांचं काम सुरू झालं आणि त्या वंशातून पुढे टीएजी-२४ सारखा वाण आला. त्या नावातला ‘ए’ अकोल्याचा. तुमच्यापैकी अनेकांनी तो पेरला असेल.

आयोवाकर
माझा मुद्दा पूर्ण करतो. शेतीला उपयोगी पडलेली पानांची उत्परिवर्तनं पाहिली तर बहुतेक नियंत्रक भागातली आहेत. ताजं उदाहरण २०१९ चं. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे, त्याच्यात पान उभं ठेवणारा एक प्रकार सापडला, यूपीए-२. फरक फक्त दोन अक्षरांचा, तोही ज्या जनुकावर परिणाम होतो त्याच्या साडेनऊ हजार अक्षरं आधी. त्याने पानाच्या सांध्यावर ब्रासिनोस्टेरॉइड हे संप्रेरक कमी बनतं, पान खोडाला लागून उभं राहतं, आणि दाट पेरणीत खालच्या पानांनाही ऊन मिळतं. मका माणसाळवताना हा प्रकार मागे राहून गेला होता.

हरितकण
पीएचडीची विद्यार्थिनी आहे, थोडा विरोध नोंदवते. दादा, ‘बहुतेक नियंत्रक भागातली’ हे मला पटत नाही. वाटाणा घ्या. अफिला या उत्परिवर्तनात पर्णिकांच्या जागी तणावे येतात. झाडं एकमेकांना धरून उभी राहतात, लोळत नाहीत, यंत्राने कापता येतात. युरोप-कॅनडातला कोरडा वाटाणा आज बहुतांशी असाच आहे. २०२४ मध्ये कळलं की तिथे शेजारची दोन पाल्म-१ जनुकं चक्क गळून गेलीत. नियंत्रण वगैरे नाही, जनुकच नाही.

दुसरं, बार्लीतलं एमएलओ जनुक. ते मोडलं की पानावर भुरी शिरू शकत नाही. १९४२ मध्ये क्ष-किरणांनी घडवलेल्या उत्परिवर्तनात ते दिसलं, इथिओपियाच्या गावरान बार्लीतही तेच निघालं. दशकानुदशकं टिकलेली प्रतिकारशक्ती! बदल्यात पानावर आपोआप मेलेल्या पेशींचे ठिपके येतात. गव्हात तीन संच, म्हणून सहाही प्रती मोडाव्या लागल्या. ते २०१४ मध्ये जनुक संपादनाने जमलं.

आणि हो, या धाग्याची नायिका असलेली रुंद पानाची कपाशीसुद्धा मोडलेल्या जनुकाचीच आहे.

आयोवाकर
रास्त मुद्दा. मग असं मांडू या: एखादं काम काढून घ्यायचं असेल तर जनुक मोडून भागतं. कापा नकोत, पर्णिका नकोत, बुरशीला दार नको. पण काम नव्या जागी न्यायचं असेल किंवा कमी-जास्त करायचं असेल तर प्रथिन शाबूत लागतं आणि बदल नियंत्रकातच व्हावा लागतो. नॉटेड, यूपीए-२ आणि भेंडी-पान या दुसऱ्या गटातली.

हरितकण
हे पटलं. आणि वाटाण्यात याच्या उलटंही आहे, टेंड्रिल-लेस: तणाव्यांच्या जागी पर्णिका. ते जनुक पर्णिकेचं पातं वाढू देत नाही, म्हणून उरतो तो तणावा. २००९ मध्ये ते सापडलं तेव्हा कपाशीच्या एलएमआय-१ च्याच मोठ्या कुळातलं निघालं. लगाम घालणारं घराणंच दिसतंय!

पऱ्हाटी
बरंच समजलं, काही पुन्हा वाचीन. पुतण्यालाही दाखवलं. आता कामाचं विचारतो: या झाडाचं बी ठेवावं का? भेंडी-पानाचा काही फायदा आहे?

बांधावरून
ऊन-वारा आत जातो. ओल्या दसऱ्यात खालची बोंडं सडतात, ती कमी सडावीत.

सूक्ष्मदर्शी
बरोबर. बोंडसड कमी, पांढरी माशी कमी, फवारा आतपर्यंत पोचतो, पीक थोडं लवकर तयार होतं. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात सिओक्रा नावाचे भेंडी-पानाचे वाण दिले आणि ते मोठ्या क्षेत्रावर पेरले गेले. तोटा असा की पानाचं क्षेत्र कमी. विरळ लागवडीत झाडं ओळी झाकत नाहीत, तण माजतं, उत्पन्नही घटू शकतं. हे पान दाट लागवडीचं आहे. मला वाटतं कोरडवाहू विदर्भात, सरळ (संकरित नसलेले) वाण दाट पेरायचे असतील तर ते जरूर तपासून पाहावं.

बी ठेवायचं तर असं करा. उद्या उमलणारं फूल आज संध्याकाळी ओळखू येतं, पाकळ्यांचा पिवळट शंकू वर आलेला असतो. त्याच्या टोकाला दोरा घट्ट बांधा, म्हणजे ते उघडणार नाही आणि मधमाशी आत जाणार नाही. त्याच दोऱ्याचं दुसरं टोक देठाला बांधा, वेचणीला तेच बोंड सापडेल. पाच-सहा बोंडं पुरेत, एका बोंडात साधारण २५ ते ३५ सरक्या मिळतात. पुढच्या वर्षी वेगळ्या ओळीत पेरा. सगळी रोपं भेंडीची आली तर बी मिसळच होती. चारात एक भेंडी, दोन मधली, एक रुंद असं निघालं तर ते संकराचं झाड होतं. आकार सातव्या-आठव्या पानावर बघा, त्याआधी नाही. एक सावधगिरी: मूळ झाड संकरित असेल तर या रोपांत बीटीचं जनुकही वाटलं जाईल, सगळ्यांत असेलच असं नाही. बोंडअळीवर नजर ठेवा.

ज्वारीची_ताई
पऱ्हाटीभाऊ, पुढच्या वर्षी रोपं आठ पानांची झाली की मुलांना घेऊन येऊ का? मोजायचं काम आम्ही करू.

पऱ्हाटी
या ताई. श्रावणाच्या सुरुवातीला या, तेव्हा चिखल असला तरी चालेल, पानं मोजायच्या बेताची असतील. रुंद पानाची एक ओळ शेजारी मुद्दाम लावून ठेवतो.